एजंट फोन करून विचारत नाही: टूलचं डॉक्युमेंटेशन पहिल्यांदा लिहिणाऱ्यांसाठी

गावोगावच्या दूध संस्थांसाठी आम्ही संकलनाचं सॉफ्टवेअर बनवतो. सकाळ-संध्याकाळ दूध मोजायचं, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) नोंदवायचं, दर दहा दिवसांनी सभासदाचं बिल काढायचं, एवढा त्याचा पसारा. संस्थेच्या सचिवांना साध्या मराठीत प्रश्न विचारता यावेत म्हणून त्यातली सहा कामं आम्ही एआय एजंटला, म्हणजे प्रश्न वाचून स्वतःच कामं चालवणाऱ्या एआय प्रोग्रॅमला, टूल म्हणून जोडून दिली. जोडणी तीन दिवसांत झाली. उत्तरं बरोबर यायला पुढचा दीड महिना लागला, आणि त्या दीड महिन्यात कोडला फार थोडा हात लागला. बाकीचा वेळ टूलची वर्णनं, पॅरामीटरच्या (टूलला द्यायच्या माहितीच्या रकान्यांच्या) ओळी आणि एरर मेसेज पुन्हा पुन्हा लिहिण्यात गेला.

आमचं मॅन्युअल आधीपासूनच अर्धवट होतं. तरी वर्षानुवर्षं चाललं, कारण माणूस अडला की फोन करतो. "मॅडम, इथे लिटर टाकायचं की किलो?" आम्ही सांगायचो, काम पुढे जायचं. एजंट फोन करत नाही. जिथे काही लिहिलेलं नसतं तिथे तो बहुतेक वेळा अंदाज बांधतो, आणि तो अंदाज इतक्या नेटक्या वाक्यात सांगतो की वाचणाऱ्याला शंकाही येत नाही. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे: जे तुम्ही इतकी वर्षं फोनवर सांगत आलात ते टूलच्या वर्णनात उतरवा. कसं, ते पुढे टप्प्याटप्प्याने लिहिते.

आधी हाताशी काय हवं

- सपोर्टची वही किंवा व्हॉट्सअॅपवरचे जुने प्रश्न. निदान सहा महिन्यांचे.
- तुमच्या टूलची पूर्ण यादी, आणि प्रत्येकाच्या शेजारी ते फक्त वाचतं की काही बदलतं याची नोंद.
- वापरणाऱ्यांनी स्वतःच्या शब्दांत विचारलेले वीसएक प्रश्न आणि त्यांची तुम्ही हाताने तपासलेली उत्तरं.
- डेटाबेसची वेगळी प्रत. चालू डेटावर चाचणी करू नका.
- प्रत्येक टूल कॉलचा लॉग दाखवणारा एजंट. एमसीपी (एजंटला टूल जोडायची एक खुली पद्धत) वापरत असाल तर तिची टूल तपासून दाखवणारा एमसीपी इन्स्पेक्टरही लागेल.

१. एजंटला नेमकं काय दिसतं ते आधी पाहा

ओपनएआयने जून २०२३ मध्ये आपल्या एपीआयमध्ये (एका प्रोग्रॅमने दुसऱ्याशी बोलायच्या सोयीत) फंक्शन कॉलिंग आणलं, म्हणजे मॉडेलला टूल वापरू देण्याची सोय. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, खुला केला. मांडणीत फरक असला तरी मॉडेलपुढे, म्हणजे एजंटच्या आतल्या एआयपुढे, जाणाऱ्या मुख्य गोष्टी तीनच: टूलचं नाव, त्याचं वर्णन, आणि कोणती माहिती द्यायची ते सांगणारा जेसन स्कीमा. एवढं वाचून मॉडेल टूल निवडतं, रकाने भरतं, आणि टूलने परत दिलेला मजकूर वाचून पुढचं ठरवतं.

तुमचा कोड त्याला दिसत नाही. कोडमधली टिप्पणी दिसत नाही. चाळीस पानी पीडीएफ मॅन्युअल दिसत नाही. स्क्रीनवर लाल अक्षरांत छापलेली "प्रमाण किलोमध्ये भरा" ही सूचनाही दिसत नाही.

इन्स्पेक्टरमध्ये टूलची यादी उघडा आणि तेवढाच मजकूर कागदावर छापून घ्या. या प्रकल्पाशी संबंध नसलेल्या सहकाऱ्याला तो द्या आणि विचारा, "सभासद ४५ चं मागच्या पंधरवड्यातलं संध्याकाळचं दूध काढायचं असेल तर कोणतं टूल वापरशील, आणि कोणत्या रकान्यात काय भरशील?" आमचा सहकारी तिसऱ्याच ओळीला अडला. एजंटही नेमका तिथेच चुकत होता, फक्त तो अडत नव्हता.

२. नावं

नाव वाचून काम कळलं पाहिजे. आमच्याकडे "गेट_डेटा" आणि "गेट_रिपोर्ट" अशी दोन टूल होती. कशातून काय येतं ते आम्हा दोघा-तिघांना पाठ होतं, म्हणून कधी खटकलं नाही. ती बदलून "लिस्ट_कलेक्शन्स" आणि "गेट_मेंबर_बिल" अशी केली. क्रियापद आधी आणि वस्तू नंतर, हा क्रम सगळीकडे एकच ठेवला.

इथे मी नावं देवनागरीत लिहिते आहे, पण प्रत्यक्षात टूलचं नाव रोमन अक्षरं, इंग्रजी आकडे, अंडरस्कोर आणि हायफन एवढ्यातच ठेवा. बऱ्याच एपीआयमध्ये दुसरं काही चालतच नाही. वर्णन मात्र मराठीत लिहिता येतं. त्याबद्दल पाचव्या टप्प्यात लिहिलं आहे.

३. वर्णन: काय करतं, कधी वापरायचं, कधी नाही

आमचं पहिलं वर्णन असं होतं:

"सभासदाचं कलेक्शन आणते."

आताचं, इथे मराठीत देते, असं आहे:

"एका सभासदाच्या दूध संकलनाच्या नोंदी देते: तारीख, सत्र, प्रमाण, फॅट, एसएनएफ, लागू झालेला दर. एखाद्या दिवशी किंवा काही दिवसांत किती आणि कसं दूध आलं हे हवं असेल तेव्हा वापरा. एका वेळी जास्तीत जास्त ३१ दिवस. बिलाची रक्कम सांगण्यासाठी वापरू नका: या नोंदींत पशुखाद्याची आणि उचलीची कपात धरलेली नसते. बिलासाठी गेट_मेंबर_बिल वापरा. सभासद क्रमांक माहीत नसेल तर आधी फाइंड_मेंबर वापरा."

जास्त फरक "वापरू नका" या वाक्याने पडला. आधी एजंट प्रमाण गुणिले दर करून बेरीज मारायचा आणि तेच बिल म्हणून सांगायचा. गणित बरोबर असायचं. पण सभासदाच्या हातात पडणारी रक्कम कपातीनंतरची असते, आणि कपात म्हणजे काय हे आम्ही कुठे लिहिलंच नव्हतं. संस्थेत सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट कोण लिहितो?

अशा सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टी मुद्दाम शोधा. आणखी एक उदाहरण देते. "आजचा दर काय?" हा सचिवांच्या रोजच्या तोंडातला प्रश्न. गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला जाहीर करायची पद्धत आहे, म्हशीचा ६.० आणि ९.० ला. प्रत्यक्ष दर फॅट-एसएनएफ पाहून दरपत्रकातून निघतो. दुधाचा प्रकार सांगितला नसेल तर दोन्हींचे जाहीर दर सांगावेत, आणि विशिष्ट नोंदीचा दर हवा असेल तर फॅट आणि एसएनएफ विचारून घ्यावं, हे आता वर्णनात आहे. त्याआधी एजंट दरपत्रकातली पहिली ओळ उचलून द्यायचा.

वर्णन किती मोठं असावं? गरजेपुरतं. मॉडेल एका वेळी ठरावीक मजकूरच वाचू शकतं, आणि प्रत्येक टूलचं वर्णन त्यातली जागा खातं, आणि टूल चाळीस असतील तर प्रश्न यायच्या आधीच बरीच जागा भरलेली असते. कंपनीची ओळख, "सोपं आणि वेगवान" अशी विशेषणं काढून टाका. सापळ्यांबद्दलचं एकही वाक्य काढू नका.

४. पॅरामीटर: इथे वेळ द्या

आमच्या निम्म्याहून जास्त चुका इथल्या होत्या, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

*एकक.* रकान्याचं नाव "क्वांटिटी" होतं. काही संस्था दूध मापाने घेतात, काही वजनाने. दुधाची घनता साधारण १.०३, म्हणजे १२० लिटर दूध सुमारे १२३.६ किलो भरतं. चाचणीत एजंटने किलोचे आकडे लिटर समजून बेरीज सांगितली. साडेतीन किलोचा फरक डोळ्यांना जाणवत नाही, पण दर ३५ रुपये धरला तर एका सभासदाच्या दहा दिवसांत सव्वाशे रुपयांचा घोळ होतो. आता रकान्याच्या नावातच एकक आहे, "क्वांटिटी_केजी", आणि वर्णनात "लिटरमधला आकडा मिळाला तर तो बदलू नका, वापरणाऱ्याला विचारा" ही ओळ आहे. पैशांचंही तसंच. रक्कम रुपयांत आहे की पैशांत ते लिहा. आपल्याकडच्या काही पेमेंट गेटवेच्या एपीआयमध्ये रक्कम पैशांत द्यावी लागते, तिथे ५०० रुपये म्हणजे ५००००.

*तारीख.* ०३/०४ म्हणजे आपल्यासाठी ३ एप्रिल, अमेरिकेत ४ मार्च. स्कीमात आयएसओ ८६०१ ची पद्धत (आधी वर्ष, मग महिना, मग दिवस) सांगा आणि एक उदाहरण द्या: २०२५-०४-०३. "आज" आणि "काल" यांवर विसंबू नका. बाहेरून सांगितल्याशिवाय मॉडेलला आजची तारीख कळत नाही. आम्ही प्रत्येक उत्तराबरोबर सर्व्हरची आजची तारीख परत देतो.

*वेळ कुठली?* हा सापळा पकडायला आम्हाला आठवडा लागला. सर्व्हर यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, चालत होता आणि भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. आपल्याकडे पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी दूध घातलं की यूटीसीत आदल्या दिवसाचे रात्रीचे अकरा चाळीस झालेले असतात. म्हणजे १२ तारखेचं पहाटेचं दूध ११ तारखेत जायचं. साडेपाचनंतर येणाऱ्या सभासदांचं सगळं बरोबर, आणि लवकर उठून येणाऱ्यांच्या नोंदी मात्र एक दिवस मागे. स्क्रीनवरच्या प्रोग्रॅममध्ये ही दुरुस्ती होती, टूलमध्ये नव्हती. तुमची तारीख कोणत्या वेळेनुसार आहे ते वर्णनात लिहा, आणि जमत असेल तर भारतीय वेळेतलीच तारीख परत द्या.

*क्रमांक म्हणजे आकडा नव्हे.* सभासद क्रमांक "००४५" हा स्कीमात स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, ठेवा. नंबर ठेवलात तर पुढची शून्यं उडतात आणि ४५ नावाचा सभासद सापडत नाही. पिनकोड, गट क्रमांक, खाते क्रमांक यांनाही हेच लागू.

*ठरावीक पर्याय.* सत्र दोनच आहेत, सकाळ आणि संध्याकाळ. तिथे मोकळा मजकूर घेऊ नका, स्कीमात एनम, म्हणजे पर्यायांची ठरावीक यादी, द्या. पर्याय समोर असले की एजंट त्यांतलाच एक निवडतो. नाहीतर "मॉर्निंग", "एएम", "सकाळी" असं काहीही येतं.

*शून्य आणि रिकामं.* आमच्याकडे फॅट ० म्हणजे मशीनने रीडिंग दिलं नाही. एजंटने त्या शून्यांसकट सरासरी काढली आणि सभासदाचं फॅट घसरल्याचं सांगितलं. एखाद्या सभासदावर पाणी घातल्याचा संशय यायला एवढं पुरतं. न मिळालेली किंमत रिकामी परत द्या. जुन्या डेटामुळे ते शक्य नसेल तर शून्याचा अर्थ वर्णनात स्पष्ट लिहा.

५. मराठी वापरणाऱ्यांसाठी वेगळं काही

वर्णन मराठीत लिहावं की इंग्रजीत? बहुतेक मॉडेलमध्ये देवनागरी मजकुराला इंग्रजीपेक्षा जास्त टोकन (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत मोजतं ते) लागतात. आम्ही शेवटी वाक्यं इंग्रजीत ठेवली, आणि वापरणारे जे शब्द बोलतात ते मराठीत जसेच्या तसे घातले. टूल दोन-तीनच असतील तर सरळ मराठीत लिहा, काही अडत नाही.

वापरणाऱ्यांचे शब्द मात्र हवेतच. सचिव "डिग्री" म्हणतात तेव्हा त्यांना लॅक्टोमीटरचं (दुधाची घनता मोजणाऱ्या उपकरणाचं) रीडिंग हवं असतं. एजंटने त्यांना दुधाचं तापमान शोधून द्यायचा प्रयत्न केला. "उचल" म्हणजे सभासदाने आगाऊ घेतलेले पैसे. "खाडा" म्हणजे दूध न घातलेला दिवस. असे पंधरा-वीस शब्द निघतील, ते टूलच्या वर्णनात योग्य जागी बसवा.

नावांच्या शोधात देवनागरीची आणखी एक अडचण आहे. "गोऱ्हे" मधला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे टाइप झालेला असू शकतो: ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, डेटाबेसला वेगळे वाटतात, आणि वेगवेगळ्या प्रकारे टाइप झालेला मजकूर एकसारखा करणारं युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशनही त्यांना एक करत नाही. म्हणून असा सभासद नाही असं उत्तर येतं आणि एजंट ते खरं मानतो. ही दुरुस्ती कोडमध्येच करा. ती होईपर्यंत वर्णनात लिहा: "नावाने सापडलं नाही तर सभासद नाही असं सांगू नका, क्रमांक विचारा." आकड्यांचंही ठरवा. वापरणारे "१२ तारीख" असं देवनागरीत लिहितील. टूलला इंग्रजी आकडेच चालत असतील तर तसं सांगा.

६. एरर मेसेज हेही डॉक्युमेंटेशनच

एजंट चुकल्यावर काय वाचतो? तुमचा एरर मेसेज. तिथे "अमान्य विनंती" एवढंच असेल तर तो तीच चूक चार वेळा करून बघतो. आमचा एक मेसेज आता असा आहे: "तारखांमधलं अंतर ४५ दिवस आहे, मर्यादा ३१ आहे. दोन भागांत मागा." हे वाचून एजंट पुढच्याच कॉलमध्ये दोन भाग करतो.

कोणतीही नोंद नाही हे उत्तरही नीट द्या. रिकामी यादी आली की एजंट "दूध घातलं नाही" असं सांगतो. त्या दिवशी खाडा होता, संकलन बंद होतं, की क्रमांकच चुकीचा होता, हे तिन्ही वेगळे आहेत आणि तुमच्या कोडला ते माहीत आहेत. मग उत्तरात सांगा.

एमसीपीत टूलच्या उत्तरावर ते एरर असल्याची खूण करता येते, ती करा. आत एरर लिहिलेला आणि बाहेरून यशस्वी दिसणारा प्रतिसाद सगळ्यांत वाईट. कमांड लाइनच्या टूललाही हाच नियम: काम झालं तर एक्झिट कोड (कमांड संपताना ती परत देते तो आकडा) ०, नाही झालं तर शून्य सोडून दुसरा.

उत्तर फार मोठं होत असेल तर पहिल्या काही नोंदी द्या आणि शेवटी स्पष्ट लिहा, "आणखी २१० नोंदी आहेत." ही ओळ नसेल तर एजंट मिळाल्या तेवढ्याच नोंदींची बेरीज करतो.

७. बदल करणारी टूल

बिल तयार करणं, नोंद दुरुस्त करणं, नोंद काढून टाकणं, ही टूल वाचणाऱ्या टूलपासून वेगळी ठेवा. "मोड" नावाच्या रकान्यात "वाचा" किंवा "काढा" असा पर्याय देऊन एकाच टूलमध्ये सगळं कोंबू नका.

एमसीपीत टूलला खुणा देता येतात: हे फक्त वाचतं, हे नाश करू शकतं, हे पुन्हा चालवलं तरी परिणाम तोच राहतो. त्या जरूर द्या. पण त्या फक्त सूचना आहेत, कुलूप नव्हे. बंद झालेलं बिल बदलू द्यायचं नसेल तर ते कोडने अडवलं पाहिजे, "कृपया बदलू नका" या वाक्याने नाही.

पुन्हा चालवण्याचा मुद्दा गंभीर आहे. चाचणीत बिल तयार करायला वेळ लागला, जोडणी तुटली, एजंटने पुन्हा कॉल केला आणि सभासदाची दोन बिलं झाली. आता "जनरेट_बिल" त्या दहा दिवसांचं बिल आधीच असेल तर नवं करत नाही, तेच परत देतं. त्याआधी "प्रिव्ह्यू_बिल" चालवून आकडे सचिवांना दाखवायचे आणि त्यांच्या होकारानंतरच पुढे जायचं, हे वर्णनात आहे आणि कोडमध्येही.

शेरा, टीप असे मोकळ्या मजकुराचे रकाने एजंट वाचतो तेव्हा त्यांत कोणी सूचना लिहून ठेवलेली असू शकते. तो मजकूर माहिती म्हणूनच घ्यायचा, हे सांगा. आणि सांगण्यावर विसंबू नका, अधिकार मुळातच कमी द्या.

८. कमांड लाइन आणि रेपो

हा भाग थोडक्यात. कमांडच्या मदतीच्या पानावर प्रत्येक पर्यायाचं एक चालणारं उदाहरण द्या. मध्येच "हो की नाही?" विचारून थांबणाऱ्या कमांडला न थांबता चालण्याचा पर्याय द्या, नाहीतर एजंट तिथेच अडकून राहतो. उत्तर जेसनमध्ये मिळण्याची सोय करा. रेपोच्या, म्हणजे कोड ठेवायच्या फोल्डरच्या, मुळाशी एजंटसाठी सूचना लिहिलेली "एजंट्स डॉट एमडी" नावाची फाइल ठेवायची पद्धत आता रुळते आहे. तिच्यात बिल्ड कसं करायचं, चाचण्या कशा चालवायच्या आणि कोणत्या फोल्डरला हात लावायचा नाही, एवढं पुरे. वेबवरच्या डॉक्युमेंटेशनसाठी जेरेमी हॉवर्ड यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये "एलएलएम्स डॉट टीएक्सटी" ही, मॉडेलला साइटवरची महत्त्वाची पानं दाखवणारी, फाइल सुचवली. डॉक्युमेंटेशनची पानं बरीच असतील तर ती करून ठेवा.

९. चाचणी

सुरुवातीला जमवलेले वीस प्रश्न एजंटला विचारा. फक्त उत्तर बघू नका, लॉग बघा: कोणतं टूल निवडलं, कोणत्या रकान्यात काय भरलं, एरर आल्यावर काय केलं. चुकीच्या वाटेने आलेलं बरोबर उत्तर उद्या चुकणार आहे.

एका वेळी एकच वाक्य बदला आणि सगळे प्रश्न पुन्हा विचारा. आमच्याकडे एका टूलचं वर्णन सुधारलं तर एजंट तेच टूल सगळीकडे वापरायला लागला आणि शेजारचं विसरला. प्रत्येक प्रश्न निदान तीनदा विचारा, कारण उत्तर दर वेळी सारखंच येईल असं नाही.

एक मोह टाळा. एखादा प्रश्न चुकतो म्हणून त्याचंच उत्तर वर्णनात लिहून टाकू नका. वीसपैकी पाच प्रश्न बाजूला ठेवा, वर्णन लिहिताना त्यांच्याकडे पाहू नका आणि शेवटी तेच विचारा. मॉडेल बदललं की सगळे वीस पुन्हा.

वर्णनं कोडच्याच रेपोत ठेवा. टूलची मर्यादा ३१ दिवसांवरून ६२ केली तर ते वाक्यही त्याच कमिटमध्ये, म्हणजे कोडच्या त्याच नोंदवलेल्या बदलात, बदललं पाहिजे. आमच्याकडे रिव्ह्यू करणारा हे बघितल्याशिवाय बदल मंजूर करत नाही. सपोर्टच्या वहीत आता एक जादा रकाना आहे, "वर्णनात आलं का?" दर शुक्रवारी आम्ही तो वरून खाली वाचतो. मागच्या शुक्रवारी त्यात एक प्रश्न रिकामा होता: गाय आणि म्हैस दोन्हींचं दूध घालणाऱ्या सभासदाचं सरासरी फॅट कसं सांगायचं? आता ते वेगवेगळं सांगायचं, असं लिहिलं आहे.